दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाइल शोधायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं का?

चोपडा_डीटीपी:
माझं मत स्पष्ट आहे. ज्या मशीनवर एकापेक्षा जास्त माणसं बसतात, तिथे 'एव्हरीथिंग' हे फाइलचं नाव शोधणारं सॉफ्टवेअर आणि 'टोटल कमांडर'सारखा दोन खिडक्यांचा फाइल मॅनेजर हवाच. लग्नसराईत पत्रिकेच्या दुकानात मालक, दिवसाचा पोऱ्या आणि रात्रीचा ऑपरेटर असे तिघं एकाच कॉम्प्युटरवर काम उरकतात. पाटलांची पत्रिका एकाने मराठीत 'पाटील' म्हणून सेव्ह केली, दुसऱ्याने 'पाटिल', तिसऱ्याने नुसतं गावाचं नाव टाकून 'गोरगावले फायनल'. मग 'फायनल नवीन', मग 'फायनल नवीन खरी'. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं, त्याला दोन ओळी बदलून हव्या असतात, आणि विंडोजचा शोध संपता संपत नाही.

एव्हरीथिंग फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या फाइलींची एक मुख्य नोंदवही असते, मास्टर फाइल टेबल. ते थेट ती वाचतं, म्हणून अक्षर टाइप होताच यादी समोर. 'पाटील' आणि 'पाटिल' यांच्या मध्ये उभी रेघ (|) टाकली की दोन्ही सापडतात. शिवाय फुकट. एवढं हाताशी असून लोक रोज तासभर फोल्डर उकरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शहादा_मास्तर:
मला नाही पटलं. एव्हरीथिंग मुळात नाव शोधतं. फाइलचं नाव 'नवीन १' असेल तर ते काय शोधून देणार? आणि तुमच्या पत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असतील, तर आतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतोच. म्हणजे युनिकोडमध्ये 'पाटील' टाइप करून आतलंही शोधता येत नाही. शेवटी नावावरच येऊन अडतं.

शाळेच्या ऑफिसात आम्ही एकच नियम ठेवलाय: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. अशी नावं विंडोजमध्ये आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की जानेवारीचा १ आणि डिसेंबरचा १ शेजारी येतात. याला कुठलं सॉफ्टवेअर लागतं?

चोपडा_डीटीपी:
मास्तर, शाळेत क्लार्क एक असतो. सीझनमध्ये आमच्याकडे महिनाभरासाठी आलेल्या मुलाला शिस्त लावेपर्यंत लग्नं उरकलेली असतात. नाव 'नवीन १' असलं तरी बदलाच्या तारखेने यादी लावा, काल संध्याकाळचं काम वर येतं, मग ते कुठल्याही फोल्डरात पडलेलं असो.

अमळनेर_स्टुडिओ:
शोधापेक्षा नाव बदलणं महत्त्वाचं, आणि तिथे मी सॉफ्टवेअरच्या बाजूने. बऱ्याच कॅमेऱ्यांचा आकडा ९९९९ वर गेला की पुन्हा १ पासून सुरू होतो. लग्नात दोन कॅमेरे एकाच कंपनीचे असले तर हळदीचा फोटो आणि सप्तपदीचा फोटो एकाच नावाचे निघू शकतात. दोन्ही कार्डं एका फोल्डरात टाकली की विंडोज विचारतं, बदलू का? घाईत माणूस हो म्हणतो आणि हळद गेली.

टोटल कमांडरमध्ये कंट्रोल आणि एम दाबा. पाचशे फोटोंची जुनी नावं आणि नवी नावं शेजारी शेजारी दिसतात, पटलं तरच पुढे. हाताने हे करणार कोण? दोन खिडक्यांची ही पद्धत विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातली, नॉर्टन कमांडर १९८६ चा. टोटल कमांडर १९९३ पासून आहे. इतकी वर्षं टिकलंय ते उगाच नाही.

भुसावळकर:
तुम्ही सगळे वेगाबद्दल बोलताय. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला फार गंभीर वाटतो. ज्या दुकानात पत्रिका छापतात, तिथेच पीकविम्याचे फॉर्म भरतात, जातीचे दाखले, सातबारा आणि आधारचे स्कॅन होतात. आज ते शंभर फोल्डरांत विखुरलेले आहेत. एव्हरीथिंग टाकलं आणि कुणी 'आधार' टाइप केलं, की अर्ध्या गावाची कार्डं एका यादीत. पेनड्राइव्ह लावून न्यायला किती वेळ? गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला कागद आहे तो.

चोपडा_डीटीपी:
हा मुद्दा मानतो. पण पसारा म्हणजे कुलूप नव्हे. ती कार्डं काम झाल्यावर तिथे राहायलाच नकोत. त्याच यादीतून सगळी निवडून पुसता येतात. आणि तुम्ही म्हणता ते फोल्डर आज एकेक उघडून पुसणार कोण?

धुळे_रिपेअर:
मास्तर, तुमनं म्हननं खरं शे, पण मशीन दुरुस्तीला येतात त्यावरून सांगतो. लोक 'फाइल मॅनेजर' शोधतात, जाहिरातीतलं मोठं हिरवं डाउनलोड बटण दाबतात आणि सोबत दोन 'क्लीनर' घेऊन येतात. मूळ साइटवरूनच घ्या. टोटल कमांडरची चोरटी कॉपी तर नकोच, ३० दिवस रीतसर वापरून बघा. पैसे द्यायचे नसतील तर डबल कमांडर फुकट आहे.

शहादा_मास्तर:
एक राहिलं. पेनड्राइव्ह बहुतेक एनटीएफएस नसून फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, त्यांत एव्हरीथिंग वाचतं ती मुख्य नोंदवही नसते. फोल्डर वेगळा जोडून द्यावा लागतो, मगच एव्हरीथिंगला त्यातलं दिसतं. आणि आपल्याकडे निम्मी कामं पेनड्राइव्हवरच फिरतात. तिथे मात्र आमचीच पद्धत चालते.

अमळनेर_स्टुडिओ:
ते बरोबर. म्हणून पेनड्राइव्हवरून थेट काम करू नका, आधी डिस्कवर कॉपी करा. कट करून तर मुळीच नको. लाइट मध्येच गेली तर काही फाइली इकडे, काही तिकडे.