‘गॉर्मलेस’मधील ‘गॉर्म’ आला कोठून?

शब्दवेडी
माझे यॉर्कशायरचे सहकारी, तोंड उघडे टाकून नुसते पाहत राहणाऱ्या आणि सांगितलेले काहीच ज्याच्या डोक्यात शिरत नाही अशा माणसाला ‘गॉर्मलेस’ म्हणतात. ‘होपलेस’मधून ‘होप’ सुटा करता येतो. येथून निघणारा ‘गॉर्म’ मात्र त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडी नाही. याची व्युत्पत्ती कोणी सांगू शकेल का?

जुनी_पोथी
तो मुळात ‘गॉम’ आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘गाउम्र’ म्हणजे लक्ष, अवधान. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर तो तेथील बोलींत उतरला आणि यॉर्कशायर-लँकेशायरकडे ‘समज’ या अर्थाने टिकला. आइसलँडच्या भाषेत आजही या शब्दाला ‘देणे’ हेच क्रियापद जोडतात, अगदी आपल्या ‘लक्ष देणे’सारखे. ‘लेस’चा अर्थ येथे ‘कमी’ असा नसून ‘रहित’ असा आहे आणि त्याचे नाते ‘लूज’ या शब्दाशी आहे.

शब्दवेडी
मनापासून आभार. पण मग मधला ‘र’ कोणी घातला?

जुनी_पोथी
तो केवळ लिपीतला आहे. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात व्यंजनापूर्वीचा ‘र’ लोप पावल्यामुळे ‘गॉम’ आणि ‘गॉर्म’ कानाला एकच वाटतात, आणि बोलीतला शब्द कागदावर उतरवताना ‘र’ असलेले लेखन रूढ झाले. एमिली ब्राँटे यांच्या १८४७ च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये हीथक्लिफच्या तोंडी हा शब्द ‘र’शिवाय येतो, आणि तोही ‘जोसेफ म्हणतो तसा’ अशी पुस्ती जोडून. जोसेफ हा ठेठ यॉर्कशायरी बोलणारा नोकर. त्यामुळे हा शब्द बोलीचा आहे, याची जाणीव तेव्हाही होती, हे स्पष्ट दिसते.

अक्षरयात्री
नॉर्स उगमाचा पुरावा मला आरंभीच्या ‘ग’मध्येच दिसतो. जुन्या इंग्रजीत याच धातूपासून आलेले ‘लक्ष देणे’ या अर्थाचे क्रियापद होते, पण त्यातील ‘ग’ मृदू होऊन मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे ‘यीम’ झाले आणि पुढे ते लोपले. कठोर ‘ग’ राखणारे रूप नॉर्समधूनच यावे लागते. मराठीत रचनेने ‘बेभान’ याच्या जवळचा वाटेल, पण त्यात आवेश आहे आणि ‘गॉर्मलेस’ माणूस तर जागचा हलतही नाही. म्हणून भाषांतरात मी ‘बावळट’च लिहीन.