मदत हवी आहे: रात्रीचं जेवण सोडलं तरी वजन वाढतंच आहे

कृष्णाकाठ:
नमस्कार, सरळ विचारते. दिवाळीपासून रात्रीचं जेवण पूर्ण बंद केलंय, भात बंद, बटाटा बंद, तळण घरात होतच नाही, तरी काटा वरच चाललाय आणि सगळे ड्रेस कंबरेत घट्ट झालेत. सांगलीत कोणी चांगला डाएट चार्ट देतं का, किंवा कोणाकडे तयार असेल तर इथेच टाका. धीर धरा वगैरे नको प्लीज, धीर संपलाय.

मिरजकर_दादा:
ताई वय? उंची? आत्ताचं वजन? काही गोळ्या चालू आहेत का? एवढं न विचारता कुणी चार्ट दिला तर घेऊ नका.

कृष्णाकाठ:
38, 158 सेमी, 68 किलो. गोळ्या काही नाहीत. आता चार्ट?

शाळूची_भाकरी:
गहू बंद करा आधी!! जतकडचा शाळू आणा, दोन्ही वेळ भाकरी, बाकी काही करायची गरज नाही. आमच्या घरात सगळ्यांची पोटं कमी झाली.

यवतेश्वर_घाट:
भाकरीनं काय होतंय ओ. मी साताऱ्याचा, रोज पहाटे घाटात चालायला जातो, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हे डब्ल्यूएचओनं सांगितलेलं कमीत कमी आहे. ताई तुम्ही सांगलीच्या आमराई बागेत जावा की, सकाळी किती माणसं असतात तिथं.

मिरजकर_दादा:
@शाळू, ज्वारीचं पीठ काय आणि गव्हाचं काय, 100 ग्रॅमला कॅलरी जवळपास सारख्याच, सव्वातीनशे-साडेतीनशेच्या घरात. भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटतं आणि माणूस कमी खातो, तेवढा फायदा मान्य. पण जाड जाड तीन भाकरी हाणल्या तर वजन वाढणारच.

शाळूची_भाकरी:
तीन कोण खातंय? आणि फायबरचं काय? शुगरवाल्यांना डॉक्टर उगाच भाकरी सांगतात का?

गौरीची_आई:
मध्येच विचारते, माझा मुलगा सातवीत आहे, काही केल्या अंगच धरत नाही, त्याला केळी-दूध द्यावं का?

कृष्णाकाठ:
अहो भाकरी की चपाती हे मी विचारलंच नाहीये. आणि आमराईत कधी जाऊ? सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, रात्री त्यांना कूस बदलून द्यायला उठावं लागतं, सकाळी डबे, मग ऑफिस, त्यात मार्च एंड.

मिरजकर_दादा:
हे आधी सांगायला हवं होतं ताई. सलग झोप किती मिळते? आणि दिवसभरात चहा किती?

कृष्णाकाठ:
सलग दोन-अडीच तास. चहा सहा-सात कप, दोन चमचे साखर, त्यावरच तर दिवस निघतो. रात्री अकराच्या पुढे पोटात आग पडते तेव्हा थोडं भडंग.

मिरजकर_दादा:
मग हिशोब बघा. सहा कप म्हणजे बारा चमचे, 50 ग्रॅमच्या वर साखर, नुसत्या साखरेच्याच 200 कॅलरी, दूध वेगळं. डब्ल्यूएचओ म्हणते 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर जास्त चांगलं. भडंग आपलं सांगलीचं, कुणाला आवडत नाही, पण चुरमुरे दिसतात हलके, खरा भार तेलाचा आणि शेंगदाण्याचा, शेंगदाणे 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. आणि झोप तुटली की भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, वर ताणाचं कॉर्टिसॉल. त्यामुळे रात्री गोड-तळलेलं खावंसं वाटणं हा तुमचा हावरटपणा नाही, शरीर थकलेलं आहे. जेवण सोडल्यामुळेच ती अकराची भूक येते.

यवतेश्वर_घाट:
चहात गूळ घाला, प्रश्न मिटला.

मिरजकर_दादा:
नाही मिटत. गुळाच्या कॅलरी साखरेएवढ्याच धरा.

यवतेश्वर_घाट:
आमची आजी आयुष्यभर गुळाचा चहा प्यायली, काही झालं नाही.

शाळूची_भाकरी:
आजी दिवसभर शेतात राबत होती, ते सांगा की.

नर्सताई_विश्रामबाग:
उशिरा वाचलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 27 च्या वर येतो, आपल्याकडे 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर मोजा, बायकांना 80 सेमीच्या आत हवी. थायरॉईड तपासलाय का? थकवा, केस गळणं, पाळी मागेपुढे?

कृष्णाकाठ:
केस तर मूठमूठ जातात. त्यासाठी मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या घेते. आणि पाळी लांबते, पण ते टेन्शननं असेल.

नर्सताई_विश्रामबाग:
गोळ्या नाहीत म्हणालात ना वर! बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला मुख्य आकडा) आहे त्यापेक्षा कमी दिसतो. किमान दोन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या आणि डॉक्टरांना सांगा. टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर एवढं करा. आणि घरात दुसरं कोण आहे? आठवड्यातल्या दोन-तीन रात्री त्यांच्याकडे द्या, मी हे औषधाइतकंच महत्त्वाचं मानते. पेशंटचं सगळं एकटीनं करणाऱ्या बायका वॉर्डात रोज बघते, शेवटी त्याच ॲडमिट होतात.

कृष्णाकाठ:
मिस्टर आहेत, पण सासूबाई त्यांच्याकडून करून घ्यायला लाजतात. दीर माधवनगरलाच राहतात, जाऊबाईंशी बोलते. गोळ्या आजपासून बंद. पण रात्री खायचं काय, ते अजून कोणी सांगितलं नाही.

मिरजकर_दादा:
आठच्या आत एक भाकरी (शाळू खूश), वाटीभर मुगाची घट्ट आमटी, काकडीची कोशिंबीर. अंडं चालत असेल तर एक उकडून, त्यात 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं.

गौरीची_आई:
माझ्या मुलाचं कोणी सांगेल का?