नाइट ड्युटी आणि अर्धशिशी : 'झोपताना'ची गोळी घ्यायची कधी?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका खाजगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. अर्धशिशी कॉलेजपासूनच, पण तेव्हा पाळीच्या आसपास महिन्यातून एकदा उठायची. आता आठवड्यातून दोनदा तरी उठतेच. सहा नाइट, एक ऑफ, की लगेच मॉर्निंग. नाइटहून आल्यावर घरचं आवरून पाठ टेकायला अकरा वाजतात. रात्रीचा डबा कधी दोनला उघडतो, कधी तसाच परत येतो. त्यात फरशी पुसताना हायपोक्लोराइटचा (जंतुनाशक ब्लीचचा) वास आला की कळतं, आज काही खरं नाही.

गेल्या महिन्यात मात्र घाबरले. पहाटे चारला सिरिंज पंपावरचा नॉरॲड्रेनालिनचा (पेशंटचं बीपी टिकवणाऱ्या औषधाचा) रेट बघत होते, तर अर्धा आकडा दिसेचना. कडेने चमचमती नागमोडी रेघ. डोकं अजून दुखत नव्हतं. मला ऑरा येतो, म्हणजे डोकं दुखण्याआधी नजरेत असं काहीतरी दिसतं, म्हणून ओळखलं. शेजारच्या सिस्टरला हाक मारली, रेट तिने तपासला आणि नजर साफ होईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, मी पंपाला हात लावला नाही. आकडा बरोबर होता. तरी अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मग न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. तोवर आमच्याकडचा ठरलेला उपाय चालू होता : डायक्लो (वेदनाशामक इंजेक्शन) टोचून घ्यायचं आणि परत पेशंटच्या बेडवर कामाला जायचं. शिवाय वेदनाशामक गोळ्या. औषध घेतलेले दिवस डॉक्टरांनी कॅलेंडरवर मोजायला लावले, तर महिन्यातले १७ दिवस! साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीची औषधं) नाहीतर मिश्र वेदनाशामक गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की औषधानेच डोकं दुखायला लागू शकतं. ड्युटीवरच्या सगळ्यांनी हे एकदा मोजून बघाच, कळकळीने सांगते.

अर्धशिशी उठूच नये म्हणून रोज घ्यायच्या औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल मला चालत नाही, कारण दमा आहे. म्हणून ॲमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ दिलंय, रोज झोपताना; त्याने झोप येते. मॉर्निंगच्या आठवड्यात छान चाललं. नाइटला घोळ होतो. सकाळी घरी येऊन घेतली तर संध्याकाळी उठवत नाही, आणि रात्री नेहमीच्या वेळी घेतली तर ड्युटीवर पेंग येईल, ती जोखीम मी घेणार नाही. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण फिरत्या ड्युटीत ही गोळी घेणाऱ्यांनी वेळ कशी बसवली?

दुसरं, नाइट संपल्यावर दोन दिवस सुट्टी मिळावी असं डॉक्टरांचं पत्र देऊन कुणी रोस्टर बदलून घेतलंय का? आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात, ओपीडीला बदली माग. मला आयसीयू सोडायचं नाही हो.

ता. क. : एमआरआय नॉर्मल आहे. ऑरा म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी गर्भनिरोधक गोळ्यांचं विचारलं. मी घेत नाही. ऑरा येणाऱ्या कुणी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांशी लगेच बोला, पक्षाघाताचा धोका वाढतो.