मार्चमध्ये ब्यासकुंड: बर्फ कितपत भरवशाचा?

भटक्या_नाशिक: आम्ही चौघं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीजवळच्या धुंडीहून ब्यासकुंड तलावाला निघतोय. सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलोय, बर्फात पहिल्यांदाच. तिथला गाइड म्हणतो, दोन दिवस बर्फ पडला तर तिसऱ्या दिवशी ऊन आलं की निघू. बरोबर आहे का?

जुना_गिर्यारोहक: अरे, तो तिसरा ऊन पडलेला दिवसच मला नको वाटतो! हिमस्खलनाच्या दृष्टीने ताज्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि वर ऊन तापलं की ओला बर्फ दुपारी घसरतो. मी एकदा सोलंगच्या वर उतार ओलांडताना पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज ऐकला, पाठोपाठ बर्फात बोटभर रुंद भेग पुढे पळाली. आम्ही एकेक करून मागे फिरलो. नंतर सपाटीवर खणून पाहिलं, तर वरच्या थराखाली जाड साखरेसारखे सुटे दाणे. त्यावर वरचा बर्फ टिकणार कसा?

३० ते ४५ अंशांचे उतार टाळा, त्यांच्या पायथ्याशी तंबूही नको. डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज बघा.

भटक्या_नाशिक: बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याचा माग देणारं यंत्र, भाड्याने घेऊ का?

जुना_गिर्यारोहक: चौघांनाही, सोबत प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं. आधी सराव करा. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत निघाला तर ठीक, नंतर आशा झपाट्याने कमी होते. मनालीहून मदत तोवर पोचत नाही रे.

भटक्या_नाशिक: मग मेअखेर बघतो, काका.