ध्वनीकरण, नादांतर की आणखी काही?

लेखणीवाली:
खगोलशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'सोनिफिकेशन' हा शब्द पानोपानी आहे. म्हणजे दुर्बिणीने टिपलेल्या चित्राला सूर द्यायचे: चित्रात वर असेल त्याचा सूर चढा, तेजस्वी असेल त्याचा आवाज मोठा. मी 'ध्वनीकरण' लिहिलं. संपादक म्हणाले, हे लाऊडस्पीकरवाल्याच्या पाटीवरचं वाटतं, 'नादांतर' करा. मला नादांतर म्हटलं की एक नाद सोडून माणूस दुसऱ्याच नादी लागलाय असं वाटतं. काय करू?

चिकित्सक:
ध्वनीकरण बिनचूक आहे, आणि त्यातला 'नी' दीर्घच. शुद्धीकरण, वर्गीकरण यांतला हा च्वि-प्रत्यय. जे मुळात तसं नव्हतं ते तसं करणं, असा त्याचा अर्थ. आकाशगंगेच्या केंद्राचं चित्र क्ष-किरण आणि अवरक्त किरणांचं, त्यात ध्वनी कुठला? तो आपण केला. संपादकांना पाटी आठवत असेल तर दोष पाटीचा.

ऐकीव:
'गाणारं आकाश' लिहा की. वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं. सगळीकडे 'करण' लावून मराठीचं सरकारीकरण झालंय.

चिकित्सक:
'सरकारीकरण' तुम्हीच लिहिलंत.

षड्ज:
चिकित्सकराव, तुमचं व्याकरण तुमच्यावरच उलटवतो. ययाती (पर्सियस) दीर्घिकासमूहाचं काय? तिथल्या कृष्णविवरामुळे भोवतालच्या तप्त वायूत दाबाच्या लाटा उठतात. दाबाची लाट म्हणजे ध्वनीच. 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून 2003 मध्ये त्याचा सूरही सांगितला गेला, बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. (कृष्णविवराने काळीच धरावी, यात नवल ते काय!) पण पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून 57 सप्तकं खाली. 2022 मध्ये तो 57-58 सप्तकं वर आणून ऐकवला. नवा ध्वनी केला नाही, होता तोच वर आणला. मग च्वि कसला? गाणारे याला सरळ 'पट्टी चढवली' म्हणतील.

लेखणीवाली:
हे तर माझ्याच लेखात आहे! आणि तिथेही घोळ. मी '57 सप्तकं' लिहिलं, संपादकांनी 'अष्टकं' केलं. मूळ शब्दात आठ आहेत म्हणे.

षड्ज:
57 करुणाष्टकं म्हणायची का मग? तिकडे दोन्ही टोकं मोजतात म्हणून आठ, आपण तार सा पुढच्या घरात टाकतो म्हणून सात. अंतर तेच, कंपनं दुप्पट. सप्तक सोडू नका, भांडा.

जुनेपान:
वाद्यांच्या नावांनी काय होतं ते सांगतो. लहानपणी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की अंतराळात पहिल्यांदा वाजवलेलं वाद्य पेटी. कित्येक वर्षं मला चिमुकल्या यानात मांडी घालून भाता मारणारा अंतराळवीर दिसायचा. पुढे कळलं, 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी 6 मधल्या वॉली शिराने वाजवला तो हार्मोनिका, म्हणजे आपला माउथ ऑर्गन. टॉम स्टॅफर्डने घुंगरांची साथ केली. नाताळचं गाणं होतं. अनुवादकाने हार्मोनिकाचं हार्मोनियम केलं आणि मी आयुष्यभर फसलो.

ऐकीव:
भाता मारायला अंतराळात हवा कुठली?

जुनेपान:
यानात असते हो! नाहीतर शिराने फुंकलं काय असतं? 2011 मध्ये कॅडी कोलमनने अंतराळ स्थानकात बासरी वाजवली तीही आतल्या हवेतच. म्हणून 'अंतराळात संगीत' हा शब्दप्रयोगच मला खटकतो. 'यानात संगीत' म्हणा.

षड्ज:
मग केसरबाई केरकरांची भैरवी? 'जात कहाँ हो'. 1977 मध्ये तबकडीवर कोरून व्हॉयेजर यानांबरोबर गेली. ती यानातही वाजत नाहीये, अंतराळातही नाही. नुसती निघालीये. त्या क्रियेला मराठीत शब्द सांगा. (आणि बोल तरी काय निवडलेत!)

तर्ककर्कश:
उशिरा येतोय. न्यायवैशेषिक दर्शनांनी शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण मानला. तुमचं विज्ञान सांगतं, निर्वातात ध्वनी जातच नाही. तेव्हा आधी आकाश, अवकाश, अंतराळ यांतला भेद ठरवा, मग ध्वनीचं बघू. शिवाय देवगिरीला बसून 'संगीतरत्नाकर'कार शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात आहत आणि अनाहत असा नादाचा भेद सांगितलाच आहे. आघाताशिवायचा, कानाला न ऐकू येणारा तो अनाहत. सोनिफिकेशन म्हणजे अनाहताला आहत करणं. 'आहतीकरण' घ्या.

चिकित्सक:
अनाहत ही योग्यांची गोष्ट, तिला वायूच्या दाबाशी जुंपू नका. आणि 'आहतीकरण' वाचून लोक रुग्णवाहिका बोलावतील.

तर्ककर्कश:
'अवकाश' म्हणजे सवड हाही अर्थ आहे. तुम्हाला तो भरपूर दिसतो.

षड्ज:
दोघेही सम सोडून चाललात.

लेखणीवाली:
मंडळी, लेख छापून आला. मी शेवटी धीर करून 'ध्वनीकरण'च ठेवलं होतं, ययातीपुरतं 'सूर चढवून'. छापताना सगळीकडे 'ध्वनीमुद्रण' झालंय. म्हणजे कुणीतरी तिथे टेपरेकॉर्डर घेऊन गेल्यासारखं. सप्तक मात्र वाचलं.

चिकित्सक:
अर्थाचं नंतर बघू. 'ध्वनिमुद्रण' ऱ्हस्व. तिथे च्वि नाही.