पहिलाच ट्रेक कळसूबाई, हातात सहा आठवडे : तयारी नेमकी कशाची करायची?

पेठकर

मंडळी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला जायचं घाटतंय. आम्ही चौघं. मी 42 वर्षांचा, दिवसभर खुर्चीत, रक्तदाबाची गोळी रोज. बायको 39, रोज तासभर चालते. मुलगा 14 चा. मेव्हणा तेवढा चार-पाच गड चढलेला. आम्हा तिघांचा सिंहगडही गाडीनेच झालाय.

व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ल्यांचा पाऊस पडतोय : ऑक्सिजन कमी पडतो म्हणून कापूर हुंगा, रात्री चढा म्हणजे सूर्योदय मिळतो, चार हजारांच्या खालचा बूट घेऊच नका. यातलं खरं काय? सहा आठवड्यांत कोणता व्यायाम करावा, पाणी किती न्यावं आणि वेळ किती धरावा, हे कुणी नीट सांगेल का?

घसारा

कापूर देवापुढेच राहू द्या. कळसूबाई 1646 मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण 2500 मीटरच्या वर सुरू होतो. इथे धाप लागते ती चढाची.

नवख्यांचे हाल होतात ते उतरताना. चढताना माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो, पुन्हा निघतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेकसारखा काम करतो, म्हणजे ताणला जात असतानाच वजन पेलतो. या कामाची सवय नसली की दोन तासांत पाय लटपटायला लागतात, पाऊल नको तिथे पडतं आणि घोटा मुरगळतो. त्यामुळे तयारी उतरणीची करा, चढ आपोआप जमेल.

बारीपासून माथ्यापर्यंत उंचीतला फरक 800 मीटरांहून जास्त आहे. एक मजला तीन मीटरचा धरला तर 270 मजल्यांच्या आसपास. तेवढे जिने घरी चढायची गरज नाही. पण सोसायटीत लोक जिना चढतात आणि खाली लिफ्टने येतात, ते बरोबर उलटं आहे. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड 15 मजले वर-खाली, पाठीवर काही न घेता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सॅकमध्ये चार किलो भरून 25 मजले. जिना नसेल तर पुण्यातली पर्वती टेकडी आहेच, 103 पायऱ्या, दहा फेऱ्या मारा.

त्याच्या जोडीला एक घरगुती व्यायाम. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं. दुसऱ्या पायाची टाच तीन आकडे मोजत सावकाश खालच्या पायरीला टेकवायची आणि पुन्हा वर घ्यायची. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. प्रत्येक पायाला 10 वेळा, असे तीन फेरे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, तेच हवंय. एकदा असा भार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच भाराला कमी कुरकुरतो.

तिसऱ्या आणि पाचव्या रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढून पायीच उतरा. सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे, म्हणजे ही पाऊण परीक्षा झाली. पाचव्या रविवारी दीड तासात पुणे दरवाजा गाठलात आणि उतरल्यावर पाय थरथरले नाहीत, तर कळसूबाई होईल. दोन तासांच्या वर लागले तर तारीख महिनाभर पुढे ढकला, डोंगर तिथेच आहे. शेवटच्या आठवड्यात फक्त चालणं. आदल्या दिवशी पाय दुखवून घेणारे महाभाग असतात म्हणून लिहिलं.

वेळ : नवख्यांना चढायला चार तास, उतरायला तीन, माथ्यावर तासभर. तेव्हा सहाला निघा. साडेअकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरा, माथ्यावरचं मंदिर समोर दिसत असलं तरी. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. अंधारात थकलेल्या पायांनी वाटेतल्या लोखंडी शिड्या उतरण्याची वेळ येते ती बहुतेक ‘आता एवढं आलोच आहोत तर’ या वाक्यामुळे.

सोलकढी

बुटांचं मी सांगते. किंमत बघू नका, सोल बघा. रबर नखाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे आणि खाचा चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात. कडक प्लास्टिकसारखा सोल कातळावर साबणासारखा सरकतो, मग बूट दहा हजारांचा का असेना. सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घालून फिरतायत ते पकडीमुळेच. जिमचे रनिंग शूज नकोत, त्यांचा सोल पळायला मऊ आणि मुरमावर निरुपयोगी.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून दुकानातल्या उतारावर किंवा पायरीवर बोटं खाली करून उभं राहा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर वाढवा. नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख तीन तास बुटावर आपटत राहतं, काळं पडतं आणि यथावकाश गळतं. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

उतरायला लागण्यापूर्वी लेस पुन्हा बांधायची. वरची दोन भोकं उरली की लेस समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घाला, म्हणजे दोन्हीकडे छोटी कडी तयार होते. आता डावीकडची लेस उजव्या कडीतून आणि उजवीकडची डाव्या कडीतून ओवून खाली खेचा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते, पाय पुढे घसरत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

मेव्हण्यांचे बूट कपाटात तीन-चार वर्षं पडून असतील तर आधी दोन्ही हातांनी वाकवून बघा. दमट हवेत सोलमधला फोम न वापरताही भुसभुशीत होतो आणि डोंगरावर अख्खा सोल जबडा उघडल्यासारखा सुटतो. नवे बूट असतील तर ट्रेकआधी 30-40 किलोमीटर चालून झालेले हवेत.

मोजे सुती नकोत. घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासली की फोड. टाचेला गरम-गरम लागायला लागलं की फोड यायच्या आधीच थांबून, पाय पुसून, औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावा. ‘वर गेल्यावर बघू’ म्हटलं की वर गेल्यावर फोडच बघायला मिळतो.

रानहळद

पाणी माणशी तीन लिटर. मुलालाही तेवढंच, त्याच्या पाठीला जड होत असेल तर एक बाटली मेव्हण्याकडे द्या. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, तहान लागायची वाट बघू नका. माथ्यावर पोचाल तेव्हा प्रत्येकाकडे किमान एक लिटर उरलेलं पाहिजे, ते उतरणीचं. शेवटच्या शिडीच्या खाली विहीर आहे, शनिवार-रविवारी वाटेत लिंबूसरबतवालेही भेटतात, पण हिशेब त्यांच्या भरवशावर करू नका.

नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. घामावाटे मीठ गेलेलं असतं, वर साधं पाणी ओतत गेलं की डोकं दुखतं, मळमळतं. एक लिटर ओआरएसचं ठेवा. पाकिटावर नीट वाचा : मोठं पाकीट अख्खं एक लिटरमध्ये, छोटं 200 मिलिलिटरमध्ये. अर्ध्या बाटलीत मोठं पाकीट ओतलं तर ते इतकं खारट-दाट होतं की पोटच बिघडतं.

रक्तदाबाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा : यात लघवी वाढवणारं औषध आहे का? अनेक जोडगोळ्यांमध्ये असतं आणि घामाच्या दिवशी त्याने पाणी-क्षार जास्त जातात. काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यात चढावर लवकर दमायला होतं. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही. छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर ‘गॅस असेल’ म्हणत चढत राहू नका. तिथेच बसवा आणि 108 ला फोन लावा. गाडी गावापर्यंतच येते, वरून खाली उचलूनच आणावं लागतं, म्हणून एक जण ताबडतोब गावात पाठवा.

खाणं दर तासाला थोडं. गूळ-शेंगदाणे, खजूर, दशम्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. वर गेल्यावर पिठलं-भाकरी हाणून लगेच उतरणं टाळा, निदान अर्धा तास बसा.

माथ्यावर बारीपेक्षा पाच-सहा अंश कमी असतं, त्यात वारा. घामाने ओला टीशर्ट तसाच ठेवून बसलात तर दहा मिनिटांत कुडकुडाल. एक कोरडा टीशर्ट आणि वारा अडवणारं पातळ जॅकेट, बस. जीन्स नको.

पेठकर

हे फार कामाचं आहे, धन्यवाद. दोन शंका उरल्या. बायकोला शिड्यांची धास्ती आहे. आणि एका ग्रुपवाल्याची जाहिरात आलीय : रात्री पुण्याहून बस, पहाटे तीनला चढाई, माथ्यावर सूर्योदय. आपलं आपण जाण्यापेक्षा ते बरं का?

बुरूज

पहिल्या ट्रेकला रात्रीची चढाई नको, या मताचा मी आहे. पाच तास बसमध्ये मान वाकडी करून अर्धवट झोप, लगेच चढ, आणि उतरताना डोळ्यांवर झापड. माथ्यावर चारशे माणसं मोबाईल उंचावून उभी असतात, सूर्य त्यांच्या पलीकडे कुठेतरी. त्यापेक्षा संगमनेर-अकोले-राजूरमार्गे आदल्या संध्याकाळी बारीत पोचा. गावात घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय होते. शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तम. आणि उतरल्यावर त्याच दिवशी पाच तास गाडी चालवणार असाल तर ड्रायव्हर ठेवा. ट्रेकपेक्षा परतीचा रस्ता धोक्याचा.

ग्रुपबरोबर जायचंच असेल तर फोनवर विचारा : एका लीडरमागे किती माणसं? सगळ्यात शेवटी चालणारा माणूस ठरलेला असतो का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाचं झालंय? राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का? उत्तरं देताना समोरचा वैतागला तर तेच उत्तर समजा.

शिड्या तीन-चार ठिकाणी आहेत, लोखंडी, कठडे असलेल्या. शरीराला अवघड नाहीत, मनाला लागतात. दोन हात-दोन पाय या चौघांपैकी तीन कायम टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा. नजर पुढच्या पायरीवर. बायको मध्ये, अनुभवी मेव्हणा चढताना त्यांच्या मागे आणि उतरताना त्यांच्या खाली, पण दोन-तीन पायऱ्या सोडून. उतरताना तोंड शिडीकडेच. पाठ शिडीकडे करून उतरायला गेलं की टाच पायरीवर नीट बसत नाही आणि सॅक मागच्या पायरीला अडकून माणूस पुढे ढकलला जातो. काठ्या सॅकला बांधून टाका, मोबाईल खिशात चेन लावून. मागून घाई करणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

विजा दिसल्या तर मात्र शिडीला हात लावायचा नाही. परतीच्या पावसाचे ढग नोव्हेंबरातही कधीकधी येतात. वीज दिसल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत आला तर ती दहाएक किलोमीटरच्या टप्प्यात आहे. माथा आणि लोखंडी कठडे सोडून खाली सरका.

घसारा

बुरूज यांना दुजोरा. माझं फक्त घसाऱ्याबद्दल, नाव सार्थ करतो. नोव्हेंबरात वाट कोरडी ठणठणीत असते. टणक मुरमावर बारीक खडे पसरलेले असतात, घरातल्या फरशीवर ज्वारी सांडावी तसे. अशा जागी नवखा माणूस भीतीने मागे रेलतो आणि टाच आधी टेकवतो. तिथेच पाय सटकतो. गुडघे किंचित वाकलेले, छाती जरा पुढे, अख्खा तळवा एकदम टेकवायचा, पावलं टीचभर. खूप तीव्र असेल तर आडवं, तिरकं उतरायचं. घसरलातच तर हात मागे टेकवू नका, मनगट मोडतं. बुडावर बसा, पँट फाटते तेवढीच. वाळलेल्या गवताचा आधार घेऊ नका, मुळासकट हातात येतं.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका. सुजलेला पाय परत आत जात नाही. लेस थोडी सैल करून चार इंची क्रेप बँडेज बुटावरूनच आठच्या आकड्यात गुंडाळा. मग वजन टाकून चार पावलं चालायला सांगा. चालता आलं तर काठीच्या आधाराने सावकाश उतरवा. नाहीच आलं तर हाड मोडलंय असं धरून चाला आणि मदत बोलवा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर चौघांच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवा. वर सिग्नल आणि बॅटरी दोन्ही दगा देतात, म्हणून एक फोन निघताना विमान मोडवर. दिवसाचा ट्रेक असला तरी माणशी एक डोक्याची बॅटरी आणि एक शिट्टी हवीच. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा, ही संकटाची खूण मुलालाही शिकवा.

पेठकर

उद्यापासून पर्वती. काठ्या विकत घेऊ की बारीत मिळतील?

सोलकढी

बांबूची एक काठी माणशी पुरते, गावात विचारून बघा. विकतची घेणार असाल तर चढताना कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतरताना पाच-सात सेंटिमीटर वाढवायची. वाढवल्यावर लॉक दाबून, सगळं वजन टाकून एकदा तपासा. स्वस्तातल्या काठ्यांचे लॉक ऐन उतारावर आत सरकतात. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द आहे, प्रवेशशुल्काचे सुटे पैसे जवळ असू द्या. चिक्कीचे कागदही परत आणायचे आहेत, त्यासाठी एक रिकामी पिशवी.