मदत हवी आहे : भौतिकशास्त्र विभागांतील अध्यापनकेंद्री पदांसाठी अर्ज कुठे आणि कसा करावा?

नमस्कार.

धुळे जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी काही वर्षांपासून तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत आहे. एम.एस्सी. नंतर सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झालो आणि पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) तयार केलेल्या थिन फिल्मवर (पातळ थरांवर) पीएच.डी. पूर्ण केली. बी.एस्सी.ला ७२ टक्के, एम.एस्सी.ला ६८ टक्के आणि चार शोधनिबंध, एवढी माझी शिदोरी आहे. यापुढे संशोधन हे माझे मुख्य काम असावे अशी माझी इच्छा नाही, आणि संशोधन जमत नाही म्हणून मी असे म्हणत आहे असेही नाही. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग आणि त्यांची प्रयोगशाळा हेच मला पूर्णवेळ करायचे काम वाटते.

आमच्याकडे येणारी बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली असतात. घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात आणि अकरावीला एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर येतात. न्यूटनचा तिसरा नियम ती तोंडपाठ म्हणतात, पण ट्रक आणि मोटारसायकल यांची धडक झाली तर कोण कोणावर अधिक बल लावतो असे विचारले, की जवळजवळ सगळा वर्ग ट्रकचे नाव घेतो. प्रयोगशाळेतली अवस्था याहून बिकट आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च आले पाहिजे या समजुतीने रीडिंग मागून पुढे जुळवली जातात आणि परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षकही पुष्कळदा शेवटच्या ओळीतला आकडा पाहूनच समाधानी होतात. मी दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. प्रयोगाआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून अपेक्षित निरीक्षणाचा अंदाज लेखी घेतो, आणि जर्नलमध्ये उत्तराला नव्हे तर अनिश्चिततेच्या हिशेबाला गुण देतो. ९.४ ± ०.५ लिहिणारा मुलगा ९.८ लिहिणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळवू शकतो, हे वर्गाला पटायला एक अख्खे सत्र लागते.

आता प्रश्न. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत किंवा प्रशाळांत मुख्यतः अध्यापनासाठी अशी पदे आपल्याकडे निघतात का? परदेशातील विद्यापीठांच्या जाहिरातींत अशी पदे वेगळ्या नावाने दिसतात. त्यांसाठी माझ्यासारख्याने, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनपद) न करता, अर्ज करण्यात अर्थ आहे का? त्या अर्जांसोबत अध्यापनविषयक निवेदन मागतात, ते कसे लिहावे? आणि शेवटचा, मला सर्वांत अधिक सतावणारा प्रश्न असा, की तासिका तत्त्वावरील माझी वर्षे कुठल्या छाननीत अनुभव म्हणून धरली जातील का? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

– पांझराकाठ

प्रतिसाद : गिरणाई

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात विभागप्रमुख म्हणून काम केले आहे आणि छाननी समित्यांवर बसले आहे, त्या आधारे लिहिते.

अध्यापनकेंद्री अशी स्वतंत्र श्रेणी आपल्या व्यवस्थेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पद एकच आहे, सहायक प्राध्यापक, आणि त्याचे वेतन शैक्षणिक स्तर १० मध्ये ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. मात्र त्याच विनियमांत छाननीचे दोन निरनिराळे तक्ते दिले आहेत, एक विद्यापीठांसाठी आणि दुसरा महाविद्यालयांसाठी. बहुतेक उमेदवार हे दोन तक्ते शेजारी ठेवून वाचत नाहीत. विद्यापीठाच्या तक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण आणि शोधनिबंधांना कमाल १० गुण आहेत. महाविद्यालयाच्या तक्त्यात पीएच.डी.ला २५ आणि शोधनिबंधांना कमाल ६ गुण आहेत. उलट पदवीच्या गुणांना विद्यापीठात कमाल १५, तर महाविद्यालयात कमाल २१ गुण मिळतात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिलेले आहे. तेव्हा आपल्याला हवे असलेले पद अनुदानित महाविद्यालयात आहे, त्याच्या नावात तसे म्हटलेले नाही एवढेच.

आपले गुण मांडून पाहू. विद्यापीठाच्या तक्त्यात पदवीचे १३, पदव्युत्तरचे २३, पीएच.डी.चे ३०, सेटचे ३ आणि चार निबंधांचे ८ मिळून ७७ होतात. महाविद्यालयाच्या तक्त्यात १९, २३, २५, ५ आणि निबंधांचे ६ धरून ७८ होतात. यात अनुभव धरलेला नाही. आपण सीएसआयआर-यूजीसी नेट (सेटसारखीच, पण राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा) उत्तीर्ण झालात, तर सेटच्या ऐवजी विद्यापीठात ५ आणि महाविद्यालयात ८ गुण धरले जातील, म्हणजे महाविद्यालयात आपण ८१ वर जाल. पाचवा निबंध लिहून महाविद्यालयाच्या छाननीत एकही गुण वाढत नाही, कारण तिसऱ्या निबंधालाच मर्यादा संपते. नेट संशोधन शिष्यवृत्तीसाठी न देता केवळ सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी दिली तर वयाची अट नाही आणि अभ्यासक्रम सेटसारखाच आहे, म्हणून येत्या वर्षाचा वेळ कुठे घालवावा हे यावरून ठरवता येईल.

विद्यापीठ विभागांत पीएच.डी. सक्तीची होणार, अशी चर्चा अनेक वर्षे होती, तीही येथे निकालात काढते. ती अट आधी १ जुलै २०२१ पासून लागू व्हायची होती, पुढे ती २०२३ पर्यंत लांबली, आणि १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट (हीही राज्यस्तरीय परीक्षाच) हीच किमान पात्रता सर्व उच्च शिक्षणसंस्थांसाठी ठेवण्यात आली. आपल्याकडे दोन्ही असल्यामुळे आपल्याला याची चिंता नाही.

अनुभवाचे उत्तर कटू आहे. तक्त्यात अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ आणि एकूण कमाल १० गुण आहेत. परंतु पूर्वीची सेवा मोजण्याच्या त्याच विनियमांतील खंड १० मध्ये हंगामी, तात्पुरत्या आणि कंत्राटी सेवेला अटी आहेत. त्या वेळी उमेदवाराकडे पदाची पूर्ण पात्रता असावी, रीतसर निवड समितीने नेमणूक केलेली असावी, आणि मिळणारे एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिका तत्त्वावर शिकवणारा शेवटच्या अटीत कसा बसणार? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक समित्या याच अटीवर बोट ठेवून शून्य गुण देत. काही समित्या विद्यापीठाची मान्यता असलेल्या वर्षांचे गुण देत. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण विज्ञान शाखेत अर्धेअधिक प्रात्यक्षिकांचा भार हीच मंडळी उचलतात. तरीही अर्जात ही वर्षे अवश्य लिहा आणि प्रत्येक वर्षाचे विद्यापीठ मान्यतेचे पत्र सोबत जोडा. गुण नाकारायचे असतील तर ते समितीने नाकारावेत, आपण आधीच सोडून देऊ नयेत.

जाहिरात वाचताना पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, कायम आहे की कंत्राटी, हे पहिल्या ओळीत पाहावे. ना हरकत प्रमाणपत्र आणि बिंदुनामावलीची (पदांच्या आरक्षणक्रमाची) तपासणी झाल्याशिवाय निघालेली जाहिरात पुढे अडकते. गुणांचे आणि मुलाखतीचे भारांश राज्याच्या आदेशांनी बदलू शकतात, म्हणून त्या-त्या जाहिरातीसोबतची अटींची पत्रिकाच प्रमाण मानावी.

प्रतिसाद : तापी_ते_टोरांटो

मी मूळचा चोपडा तालुक्यातला आहे आणि सध्या कॅनडात शिकवतो. परदेशापुरते लिहितो.

येथे अशी पदे खरोखर वेगळी असतात. टोरांटो विद्यापीठात त्यांना टीचिंग स्ट्रीम म्हणतात आणि त्यात कायमस्वरूपी होण्याची सोय आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात असिस्टंट टीचिंग प्रोफेसर हे पद याच जातीचे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लेक्चरर या पदापुढे कंसात टीचिंग असे लिहिलेले आढळेल. अमेरिकेत मात्र लेक्चरर किंवा इन्स्ट्रक्टर या नावाखाली वर्षा-दोन वर्षांच्या कराराची पदेही येतात, म्हणजे आपल्याकडच्या कंत्राटी नेमणुकीचेच भावंड. म्हणून पदनाम पाहून हुरळून न जाता, नूतनीकरण आणि बढती यांचे कलम आधी वाचावे. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक जाहिराती सप्टेंबर ते डिसेंबर या काळात येतात आणि रुजू होणे पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये असते. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स आणि फिजिक्स टुडे यांच्या नोकरीविषयक पानांवर, तसेच ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके येथे त्या सापडतात.

पोस्टडॉक नसणे ही येथे आडकाठी ठरतेच असे नाही. मोठ्या वर्गाला स्वतंत्रपणे शिकवल्याचा पुरावा नसणे ही अधिक मोठी आडकाठी आहे. अमेरिकेसाठी आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरील उमेदवाराच्या नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले, आणि अध्यापनाच्या पदासाठी एवढा खर्च करणारा विभाग विरळाच. अर्ज भरण्याआधी विभागाला ईमेल करून व्हिसाबाबत थेट विचारावे. यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

अध्यापनविषयक निवेदनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपली मुले नेमकी तेथे घसरतात. ‘मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने त्या दिवशी बऱ्याच अर्जांत वाचलेले असते. आपण वर धाग्यात ट्रक आणि मोटारसायकलीबद्दल, तसेच ९.४ ± ०.५ बद्दल जे लिहिले आहे, ते जवळजवळ जसेच्या तसे निवेदनाचा पहिला परिच्छेद होऊ शकते. त्यापुढे आपण काय बदलले आणि बदलाचा परिणाम कसा मोजला, हे यावे. मोजण्यासाठी फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेन्टरी ही बलाविषयीची समज तपासणारी, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि सुधारित रूपात ३० प्रश्नांची असलेली चाचणी वापरा. ती सत्राच्या आरंभी आणि अखेरीस, एकाच वर्गाला, गुणपत्रिकेशी न जोडता द्यावी. मिळालेली वाढ आणि शक्य असलेली वाढ यांचे गुणोत्तर काढायचे. आरंभी वर्गाची सरासरी ३० टक्के आणि अखेरीस ५१ टक्के असेल तर ७० पैकी २१ गुणांची वाढ झाली, म्हणजे गुणोत्तर ०.३ आले. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांवरून दाखवले, की केवळ व्याख्यानांच्या वर्गांत हे गुणोत्तर साधारण ०.२ च्या आसपास राहते आणि विद्यार्थ्यांना सतत चर्चेत व कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत सरासरीने त्याच्या दुप्पट होते. आपला आकडा ०.२५ आला तरी तो प्रामाणिकपणे लिहावा. समितीला आकड्यापेक्षा आपण मोजले ही गोष्ट अधिक भावते. प्रश्न मराठीत समजावून घेतले असतील तर तेही नमूद करावे.

निवेदन दोन पानांच्या वर नेऊ नये. शिफारसपत्रांपैकी किमान एक तरी आपला तास प्रत्यक्ष बसून पाहिलेल्या व्यक्तीचे असावे. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी ‘उमेदवार चांगले शिकवतो असे ऐकले आहे’ लिहिले, तर त्याने नुकसानच होते.

प्रतिसाद : सातपुडा

देशातच दोन-तीन वाटा पाहाव्यात. अझीम प्रेमजी विद्यापीठात भौतिकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि तेथे पदवीचे अध्यापन हेच प्राध्यापकाचे मुख्य काम मानले जाते. त्यांचे भोपाळचे आवार भुसावळहून रेल्वेने जाण्याजोगे आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे विज्ञान शिक्षणातच पीएच.डी. करता येते, आणि ऑलिंपियाडच्या निमित्ताने प्रयोगांची जी आखणी तेथे झाली आहे ती पदवीच्या प्रयोगशाळेला फार उपयोगी आहे. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे सभासद व्हावे. आपला लंबकाचा उपक्रम तेथे मांडला तर तो अर्जात लिहिण्याजोगा होईल. जवळच्या खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींबाबत मात्र सावध राहावे, कारण अध्यापनाच्या नावाखाली प्रवेशाच्या हंगामात गावोगाव फिरण्याचे काम गळ्यात पडल्याची उदाहरणे माझ्या मित्रमंडळींत आहेत.

प्रतिसाद : पांझराकाठ

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. गिरणाई मॅडमनी गुणांची मांडणी करून दिल्यामुळे माझा निर्णय सोपा झाला. आता निबंधांच्या मागे न लागता नेट देतो, आणि चाचणी येत्या सत्रात प्रथम वर्षाला लावतो. टोरांटोच्या सरांना एक शंका विचारतो. आमच्या विभागात तास पाहण्याची पद्धत नाही आणि मी स्वतः विभागप्रमुखांना ‘माझा तास पाहायला या’ म्हटले तर ते आगाऊपणाचे वाटेल, अशी भीती आहे. मॅडमना विचारायचे ते असे, की अनुभव प्रमाणपत्रात नेमके काय लिहून घ्यावे? आमच्याकडे ‘समाधानकारक काम केले’ एवढेच छापील वाक्य मिळते.

प्रतिसाद : तापी_ते_टोरांटो

विभागप्रमुखांनाच बोलवावे असे नाही. शेजारच्या महाविद्यालयातील परिचित प्राध्यापकांना प्रयोगशाळेत यायला सांगावे आणि त्यांनी पाहिलेल्या दोन तासांवर एक पान लिहून द्यावे अशी विनंती करावी. बाहेरच्या व्यक्तीच्या पत्राला उलट अधिक वजन येते.

प्रतिसाद : गिरणाई

प्रमाणपत्र शैक्षणिक वर्षानुसार वेगवेगळे मागावे. त्यात नेमणुकीच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक, विद्यापीठ मान्यतेच्या पत्राचा क्रमांक, सेवेचा आरंभ आणि शेवट, शिकवलेल्या पेपरांची नावे, तसेच व्याख्यानांचे व प्रात्यक्षिकांचे साप्ताहिक तास स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत. निवड समितीमार्फत नेमणूक झाली असल्यास ते वाक्य स्पष्ट असावे, कारण खंड १० मधील निदान दोन अटी तरी त्यामुळे कागदावर सिद्ध होतात. मसुदा स्वतः टंकलिखित करून न्यावा, म्हणजे कार्यालयालाही सोयीचे जाते. प्राचार्य बदलण्याआधी हे काम उरकावे. नव्या प्राचार्यांकडून जुन्या वर्षांचे प्रमाणपत्र मिळवताना जुने हजेरीपट आणि मानधनाची देयके शोधत बसावे लागते.